चपटी पेनी

शेफील्डच्या केलहॅम आयलंड संग्रहालयात घराएवढं एक वाफेचं इंजिन आहे. १९०५ सालचं, तीन सिलिंडरचं, बारा हजार अश्वशक्तीचं. नाव रिव्हर डॉन इंजिन. ठरलेल्या दिवशी ते वाफेवर चालवून दाखवतात. आधी नुसता सुस्कारा ऐकू येतो, मग दांडे हलतात, फरशीतून तळपायांना कंप जाणवतो, आणि बघता बघता ते धूड भरात फिरू लागतं, थबकतं आणि दोनेक सेकंदांत उलट्या दिशेनं सुटतं. ही उलटापालट प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी नाही. लालबुंद पोलादाचा ठोकळा निवायच्या आत रोलरखालून एकदा इकडून आणि एकदा तिकडून काढायचा, तर इंजिनाला क्षणात फिरता आलं पाहिजे. पोळीवर लाटणं मागे-पुढे जातं तसंच हे. फक्त इथली पोळी युद्धनौकेच्या चिलखताची. १९७८ पर्यंत हे इंजिन कामावर होतं.

समोरच्या बाकावर दोघं बसली आहेत. भाऊ पंचाहत्तरीचा, बहीण त्याच्याहून तीन वर्षांनी धाकटी. दोघं कल्पित आहेत, पण त्यांचं शहर खरं आहे, आणि त्यांच्यासारखा वाद तिथल्या कितीतरी घरांत चहाबरोबर अजून चालतो. भावाचा डावा कान पोलाद ठोकायच्या फोर्जमधल्या घणांनी नेला, म्हणून ती त्याच्या उजवीकडे बसली आहे. त्याचा एक हात कोटाच्या खिशात आहे आणि तो आत काहीतरी चाळवतो आहे.

“हे सुरू झालं की मी थेट ऍटरक्लिफला पोचतो,” भाऊ म्हणतो. “आपल्या गल्लीत. रात्री भट्टीचं तोंड उघडलं की ढग खालून लाल व्हायचे. खोलीत दिवा नसला तरी भिंतीवरच्या कागदाची फुलं दिसायची.”

“मला दोरीवरच्या चादरी दिसतात,” बहीण म्हणते.

ऍटरक्लिफ म्हणजे डॉन नदीचं खालचं खोरं. तेव्हा एकीकडे मैलोगणती कारखाने, दुसरीकडे एकमेकांना चिकटलेल्या विटांच्या घरांच्या ओळी. संडास मागच्या अंगणात, गल्लीच्या टोकाला कारखान्याची भिंत. १९३६ साली जॉर्ज ऑर्वेल शेफील्डला आला तेव्हा एका जागी उभं राहून त्यानं कारखान्यांची धुराडी मोजली. ३३ भरली. धुरानं बाकीची झाकली नसती तर आकडा वाढला असता, अशीही नोंद त्यानं केली आणि शहराला कुरूपतेचं प्रशस्तिपत्र देऊन तो निघून गेला. भावाचा ऑर्वेलवर राग आहे. चार दिवस राहिलेल्या पाहुण्यानं घराला नावं ठेवावीत, तसा तो राग आहे.

बहिणीचं म्हणणं असं की पाहुण्यानं निदान मोजली तरी. “सोमवार धुण्याचा दिवस. आई सकाळी आधी वाऱ्याची दिशा बघायची. कारखान्याकडून वारा असेल तर कपडे घरातच, चुलीपुढे. बाहेर घातले आणि मध्येच वारा फिरला, तर मला पळवायची. चादरीवर काजळीचे कण बसायचे, मुंगीएवढे. ते हातानं पुसायचे नाहीत. पुसले की रेघ उमटते. वाकून फुंकर मारायची, एकेका कणावर. तुला कधी मारायला लावली?”

भाऊ थोडा वेळ इंजिनाकडे बघतो. “मी शाळेत असायचो.”

“मीही शाळेतच जात होते.”

इथे लेखकानं मध्ये तोंड घालायला हरकत नाही. औद्योगिक शहरांच्या आठवणी बहुतेक भट्टीच्या उजेडात लिहिल्या गेल्या आहेत. हॅरी ब्रेअर्लीचंच बघा. १८७१ साली शेफील्डच्या एका दरिद्री वाड्यात जन्मलेला, भट्टीवाल्याचा पोरगा, कारखान्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुता धुता शिकला आणि १९१३ मध्ये त्यानं न गंजणारं पोलाद हाती आणलं. आपल्या स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यांचा एक पूर्वज हा. त्यानं पुढे लिहिलेल्या आठवणी १९४१ साली छापून आल्या. अशा आठवणींमधला मुलगा हात धरून कारखान्यात जातो, ओतीव पोलाद बघतो आणि दिपून जातो. ते दिपणं खरंच असतं. पण त्या मुलाचा सदरा कुणीतरी धुतलेला असतो.

“आईला कारखान्याचं काही वाटत नव्हतं असं म्हणू नकोस,” भाऊ म्हणतो. “युद्धात क्रेन चालवली तिनं.”

“तुला हे बाबा सांगायचे. ती स्वतः कधी बोलली?”

दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले तेव्हा शेफील्डच्या कारखान्यांत हजारो बायका भरती झाल्या. डोक्यावरून वितळलेलं पोलाद नेणाऱ्या क्रेन त्यांनी चालवल्या, तोफगोळ्यांचे भाग कातले. डिसेंबर १९४० मध्ये १२ आणि १५ तारखेच्या रात्री शहरावर बॉम्ब पडले, साडेसहाशेहून जास्त माणसं गेली, आणि दुसऱ्या दिवशी याच बायका पुन्हा पाळीवर हजर झाल्या. युद्ध संपलं, पुरुष परतले आणि बायकांना घरी पाठवलं. ना सत्कार, ना पेन्शन. सत्तरेक वर्षांनी, आठवणाऱ्या बायका थोड्याच उरल्यावर, लोकवर्गणीतून २०१६ साली बार्कर्स पूल चौकात दोघींचा ब्राँझ पुतळा उभा राहिला. हातात हात घातलेल्या, डांगरी घातलेल्या, ताठ मानेच्या दोघी. बहीण त्या समारंभाला गेली होती. आई तेव्हा हयात नव्हती.

“चार वर्षं क्रेनवर, आणि मग तीस वर्षं फुंकर मारत,” ती म्हणते. “तिला काय वाटत असेल ते मी विचारलं नाही. तूही नाहीस.”

वाद इथे जड होतो तसं दोघंही जरा बाजूला सरकतात. भावंडांना ही कला अवगत असते. गाडी खाण्यावर येते.

रविवारच्या भाजलेल्या मांसाखाली गळलेली चरबी वाडग्यात थिजवून ठेवायची. तिला ड्रिपिंग म्हणतात. वर पांढरा थर, तळाशी तपकिरी जेली. सोमवारी आईला धुण्यातून सवड नसे, तेव्हा पावावर हे फासायचं, तळाची जेली येईल असं खोल चमचा घालून, वर मीठ. जेली कुणाच्या पावावर जास्त, यावरून मारामाऱ्या. शिवाय हेंडरसन्स रेलिश, नारिंगी लेबलाची बाटली, एकोणिसाव्या शतकापासून शेफील्डातच बनणारं आंबटगोड काळं पाणी. शहराबाहेर ते फारसं कुणाला ठाऊक नाही, आणि शहरात ते नसलेलं घर सापडत नाही. परगावी गेलेली माणसं बॅगेत बाटली घेऊन जातात. मसाल्याची पुडी घेऊन पुण्याहून निघणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

मसाल्यावरून आठवलं. शेफील्डच्या मुलांच्या भाषेत गोळ्या-चॉकलेटांना ‘स्पाईस’ म्हणायचे. शनिवारी हातावर पैसे पडले की पोरं ‘मसाला’ आणायला पळायची. घरामधल्या बोळाला ‘जेनल’, रुसक्या पोराला ‘मार्डी’, थंडी न सोसणाऱ्याला ‘नेश’. आणि लव्ह! बस कंडक्टर, भाजीवाला, फोर्जमधला सहा फुटी गडी, सगळे सगळ्यांना ‘लव्ह’ म्हणतात. पुरुष पुरुषालाही. बाहेरचा माणूस पहिल्यांदा दचकतो.

पण मराठी वाचकाला सगळ्यात जवळची वाटेल ती गोष्ट म्हणजे अरे-तुरे. प्रमाण इंग्रजीतून ‘तू’ केव्हाच गेला, सगळ्यांना एकच ‘यू’. शेफील्डनं मात्र आपला ‘तू’ सोडला नाही. तिथला कामगार मित्राला ‘डाह’, ‘डी’ म्हणायचा. हा ‘ड’ इतका ठसठशीत की शेजारच्या गावांनी शेफील्डकरांना ‘डी-डाह’ असं चिडवायचं नावच पाडलं. आणि नियम आपल्यासारखेच. बरोबरीच्याला तू, थोरांना नाही. पोरानं मोठ्या माणसाला ‘डी’ म्हटलं की कानाखाली आवाज.

“आपण बाबांना कधीच म्हटलं नाही,” भाऊ म्हणतो. “पण पहिल्या दिवशी फोर्जमध्ये गेलो आणि तिथला म्हातारा भट्टीवाला मला ‘डी’ म्हणाला. त्या दिवशी मी माणसांत आलो. पंधरा वर्षांचा होतो. असं काही पुन्हा मिळालं नाही मला.”

“मलाही पंधराव्या वर्षी मिळालं,” बहीण म्हणते. “कागद.”

तिचं हे एका शब्दाचं उत्तर उलगडून सांगायला हवं. १९६७ साली शाळा सोडून ती सुऱ्या-चमच्यांच्या एका वर्कशॉपमध्ये बफर म्हणून लागली. बफर म्हणजे फिरत्या चाकावर चमचे, काटे घासून आरशासारखे करणारी मुलगी. चाकाला फासायच्या तेल-वाळूच्या चिखलाचा फवारा अंगावर उडतो, म्हणून कपड्यांवर तपकिरी कागद गुंडाळून सुतळीनं बांधायचा, डोक्याला फडकं करकचून आवळायचं. संध्याकाळी कागद सोलून काढायचा. खालून माणूस निघतो, चेहरा मात्र काळाच. बफर मुलींची गावात ख्याती होती: तोंडानं फटकळ, गळ्यानं खणखणीत, अडलेल्याला पहिल्यांदा पैसे काढून देणाऱ्या.

“दोन वर्षं केलं. त्या बायकांसारख्या बायका नंतर भेटल्या नाहीत, हे कबूल. पण सोळाव्या वर्षी रुमालात शिंकले की रुमाल काळा. संध्याकाळच्या वर्गांना मी शिक्षणाच्या आवडीनं गेले असं सगळे समजतात. मी रुमालामुळे गेले.”

शेफील्डच्या कारागिरीचं कौतुक करताना हा रुमाल विसरता येत नाही. शहराचं सुऱ्यांचं नाव जगभर होतं. हिंदुस्थानच्या बाजारातही ‘शेफील्ड’ कोरलेले चाकू आणि वस्तरे येत, आणि तेवढी अक्षरं खात्रीला पुरत. त्या पात्याला धार लावणाऱ्याचं काय होत होतं, ते फ्रेडरिक एंगल्सनं १८४५ साली एका स्थानिक डॉक्टरच्या आधारानं लिहून ठेवलं आहे. कोरड्या दगडावर काम करणारा सरासरी जेमतेम पस्तिशीपर्यंत, ओल्या दगडावरचा क्वचितच पंचेचाळिशीपुढे. दगडाची आणि पोलादाची धूळ फुप्फुसांत बसायची. एंगल्सनं आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, ती अंगावर काटा आणते. धूळ बाहेर काढायचं साधन निघालं, तेव्हा काही कारागिरांनीच ते नको म्हटलं. धंद्याकडे आणखी माणसं ओढली जातील आणि मजुरी उतरेल, हा हिशेब.

भावाला हा इतिहास ठाऊक आहे. पण तो आपल्या जन्माच्या शंभर वर्षांपूर्वीचा, असं त्याचं म्हणणं. त्याच्या डोळ्यांदेखत शहर धुऊन निघालं. लंडनच्या १९५२ च्या जीवघेण्या धुक्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला आणि शेफील्डनं तो मनावर घेतला. एकेक वस्ती धूरमुक्त जाहीर होत गेली, घरोघरच्या कोळशाच्या शेगड्या गेल्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हे शहर युरोपातलं सगळ्यात स्वच्छ औद्योगिक शहर म्हणून मिरवत होतं. नव्या रस्त्यांचं, नव्या बाजारांचं, हसऱ्या शेफील्डचं दर्शन घडवणारा एक प्रचारपट महापालिकेनं तेव्हा काढला होता. १९९७ च्या ‘द फुल मॉन्टी’ या सिनेमाची सुरुवात त्याच चित्रफितीनं होते. लगेच पुढे बंद पडलेला कारखाना दिसतो. थिएटरात लोक हसले. भाऊ हसला नाही.

“हवा साफ झाली आणि दहा वर्षांत धुराडीच गेली,” तो म्हणतो. “दोन्ही एकदम का मिळू नये माणसाला?”

२ जानेवारी १९८० ला पोलाद कामगारांचा देशव्यापी संप सुरू झाला, तीन महिने चालला. पगारवाढ मिळाली, पण कारखाने टिकले नाहीत. हॅडफील्ड्ससारखं नाव १९८३ पर्यंत संपलं. भाऊ पस्तिशीच्या आत बेकार झाला. पुढे त्यानं शाळेत शिपायाचं काम केलं, गोदामात केलं. ती वर्षं तो एका वाक्यात सांगतो. १९९० साली हॅडफील्ड्सच्या जागेवर मेडोहॉल नावाचा अवाढव्य मॉल उघडला. हे वाचताना लोअर परळचा वाचक मनातल्या मनात तारखा जुळवत असेल: १८ जानेवारी १९८२, दत्ता सामंतांचा गिरणी संप, आणि फिनिक्स मिलच्या जागेवरचा मॉल. दोन शहरं सोडाच, दोन जगं, पण फिरत्या जिन्यांखाली पुरलेल्या गोष्टी सारख्या. दुसरा धागा तर सरळच मुंबईला येतो. २००७ साली टाटा स्टीलनं कोरस ही पोलाद कंपनी विकत घेतली, तेव्हा शेफील्डजवळचे स्टॉक्सब्रिज आणि रॉदरहॅमचे पोलाद कारखाने दहा वर्षं बॉम्बे हाऊसच्या मालकीचे झाले. ज्या बाजारात एके काळी शेफील्डची पाती खात्रीनं खपत होती, तिथून.

बहिणीला धुराची हुरहुर नाही. पण तिला हुरहुरच नाही असं समजून भाऊ फसतो, आणि बहुतेक लेखकही.

“मला काय आठवतं सांगू? आत्या पार्क हिलला राहायला गेली तो दिवस.” पार्क हिल म्हणजे स्टेशनमागच्या टेकडीवरची काँक्रीटची नगरी, १९६१ साली पुरी झालेली, जवळजवळ हजार घरांची. प्रत्येक तिसऱ्या मजल्याला दूधवाल्याची गाडी जाईल एवढा रुंद सज्जा, त्याला ‘आकाशातली गल्ली’ म्हणत. पाडलेल्या गल्ल्यांचीच नावं सज्ज्यांना दिली आणि जुन्या शेजाऱ्यांना शेजारी-शेजारी घरं दिली. “आत्यानं नळ सोडला आणि गरम पाणी आलं. ती रडली. नळाला हात लावून रडली. सिंकमध्येच कचरा टाकायची सोय होती, ती बघायला गल्लीतल्या सगळ्या बायका येऊन गेल्या. आणि नंतर बस. दोन मुलं घेऊन मी कुठे कुठे फिरले!”

बसची गोष्ट खरी आणि आज ऐकताना अविश्वसनीय आहे. १९७५ पासून साउथ यॉर्कशरच्या स्थानिक सरकारनं बसभाडं गोठवून ठेवलं. महागाई धावत होती, भाडं जागच्या जागी. मुलांना दोन पेन्स. खाण कामगाराची पोरंसुद्धा शनिवारी दोन पेन्समध्ये पीक डिस्ट्रिक्टच्या माळांपर्यंत जात. शहराच्या हद्दीचा मोठा भाग तर त्या राष्ट्रीय उद्यानातच आहे. वरून निधी आवळला गेला आणि एप्रिल १९८६ मध्ये भाडं एका झटक्यात कित्येक पटींनी वाढलं. बहिणीच्या लेखी शेफील्डचा अंत त्या दिवशी झाला. भावाच्या लेखी तीन वर्षं आधी, हॅडफील्ड्सच्या दारात.

एकाला कारखान्याचं शहर हवं आहे, दुसरीला महापालिकेचं. लेखकाला विचाराल तर बहिणीच्या आठवणींवर अजून पुरेसे सिनेमे निघालेले नाहीत. पार्क हिलवर एक गाजलेलं संगीत नाटक आलं खरं, २०१९ मध्ये. दोन पेन्सच्या बसवर कुणी काढेल तर तिकीट काढून बघू.

इंजिन थांबतं. वाफेचा वास मागे रेंगाळतो. दोघं उठून शेल्समूरच्या थांब्यावर येतात आणि मेडोहॉलची ट्रॅम पकडतात. ही ट्रॅम नवी, १९९४ पासूनची. जुन्या ट्रॅम ८ ऑक्टोबर १९६० ला बंद झाल्या. शनिवार होता, पाऊस कोसळत होता आणि तरी रस्त्याच्या दुतर्फा माणसं उभी होती. सजवलेल्या शेवटच्या गाड्यांपैकी ५१० नंबरची आज डर्बीशरमधल्या क्रिचच्या ट्रॅम संग्रहालयात आहे.

भाऊ अकरा वर्षांचा होता, बहीण आठ. आता तो खिशातला हात बाहेर काढतो. तळहातावर तांब्याची एक पेनी, लांबोडकी, पत्र्याइतकी पातळ. राजाचा चेहरा पसरून नुसता उंचवटा उरला आहे. त्या रात्री त्यानं ती रुळावर ठेवली होती आणि शेवटच्या ट्रॅमनं ती लाटली. साठ वर्षांहून जास्त काळ ती त्याच्या खिशात आहे. फोर्जमध्ये होती, संपात फाटकाबाहेर होती. २००८ च्या ऑगस्टमध्ये टिन्सलीचे जुळे कूलिंग टॉवर पाडले, तेव्हा पहाटे तीन वाजता गर्दीत उभं राहून त्यानं हीच मुठीत धरली होती.

“एवढंच घेऊन आलो मी तिथून,” तो म्हणतो.

ट्रॅम ऍटरक्लिफवरून जाते. बाहेर पत्र्याची गोदामं, मोकळे भूखंड. वारा कुठला आहे ते कळायला दोरीवर कपडे नाहीत. बहीण पेनी उचलते, उजेडाला धरते, अंगठ्यानं पुसायला जाते आणि थांबते. मग वाकून तिच्यावर फुंकर मारते.

“ही माझी होती,” ती म्हणते.

“काय?”

ती उजवीकडेच बसली आहे. त्याला नीट ऐकू आलं आहे.

“आईनं त्या रात्री मला दिली होती. स्पाईससाठी. तू म्हणालास, पोरींनी रुळाजवळ जायचं नसतं, आण इकडे, मी ठेवतो. परत दिली नाहीस.”

भाऊ बराच वेळ खिडकीबाहेर बघतो. टिन्सली येतं. मग तो हात पुढे करतो, आणि ती पेनी आपल्या पर्समध्ये टाकून चेन लावते.